झाडावर टांगायच्या आणि खायच्याही: शुगर कुकीजच्या सजावटीविषयी

प्रश्न असा आहे की घरी केलेल्या शुगर कुकीज आयसिंगने सजवून नाताळच्या झाडावर टांगायच्या आहेत आणि सणाच्या दिवसांत त्या खाताही आल्या पाहिजेत. आधीच्या प्रयत्नात भाजताना भोके बुजली, लाल रंग शेजारच्या पांढऱ्या आयसिंगमध्ये उतरला आणि टांगलेल्या काही कुकीज दोन दिवसांत मऊ पडून भोकापाशी तुटल्या. या तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या दिसतात, पण त्यांच्या मुळाशी बव्हंशी एकच गोष्ट आहे आणि ती म्हणजे पाणी. पिठात किती पाणी गेले, आयसिंगमध्ये किती घातले आणि खोलीतल्या हवेत किती आहे, यावर टांगलेल्या कुकीचे आयुष्य ठरते. डब्यात ठेवून खायची कुकी जराशी ओलसर राहिली तरी चालते, किंबहुना अनेकांना ती तशीच आवडते. टांगायच्या कुकीला मात्र स्वतःचे आणि आयसिंगचे वजन एका लहानशा भोकाच्या काठावर पेलायचे असते. म्हणून नक्षी आणि रंग यांच्याकडे वळण्याआधी कोरडेपणाबद्दल सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

खाण्याच्या वस्तूंनी झाड सजवण्याची पद्धत जुनी आहे. स्ट्रासबुर्ग शहरातल्या १६०५ सालच्या एका वर्णनात, घरात उभ्या केलेल्या झाडांवर रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदे, पातळ वेफर, सोनेरी पत्रा आणि साखरेचे पदार्थ टांगल्याचा उल्लेख आहे. उत्तर क्रोएशियातील लाल रंगाची, आयसिंगने नटवलेली हृदयाच्या आकाराची बिस्किटे आजही झाडावर टांगली जातात आणि ती बनवण्याच्या कलेचा समावेश युनेस्कोने २०१० मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. त्यांची कृती पाहिली तर एक गोष्ट लगेच लक्षात येते: त्यांत लोणी नसते, ती भाजून झाल्यावर वाळवली जातात आणि रंग त्यानंतरच चढतो. जर्मन भाषिक प्रदेशातील स्प्रिंगर्ले या ठशाच्या बिस्किटांमध्ये तर ठसा उमटवल्यावर कच्चे बिस्कीटच बारा ते चोवीस तास उघड्यावर सुकवतात, जेणेकरून वरचा थर घट्ट होऊन भाजताना नक्षी पुसली जाणार नाही. शुगर कुकीत भरपूर लोणी असते, त्यामुळे ती चवीला या दोघींपेक्षा सरस, पण टांगण्याच्या दृष्टीने अधिक नाजूक ठरते. जुन्या कारागिरांचा धीर तिलाही लागतो.

पिठापासून सुरुवात करू. टांगण्यासाठी मी वजनाने दोन भाग मैदा, एक भाग लोणी आणि एक भाग साखर हे प्रमाण वापरते. म्हणजे ४०० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम मीठ नसलेले लोणी, २०० ग्रॅम बारीक दळलेली साखर, एक अंडे, अर्धा छोटा चमचा मीठ आणि थोडा व्हॅनिला इसेन्स. यात साधारण सात सेंटिमीटर व्यासाच्या पंचवीस ते तीस कुकीज होतात. बेकिंग पावडर अजिबात घालू नये. ती घातल्याने कुकी हलकी होते हे खरे, पण कडा गोलसर होतात, पृष्ठभाग फुगतो, भोक आक्रसते आणि आतली पोकळी वाढल्याने कुकी ठिसूळही होते. साखर दाणेदार असेल तर ती भाजताना उशिरा विरघळते आणि विरघळताना पीठ पसरवते, म्हणून बारीक साखर बरी. लोणी आणि साखर एकत्र करताना ती केवळ एकजीव होईपर्यंतच फेटावीत. केकसाठी फेटतो तसे पांढरे आणि हलके होईपर्यंत फेटले की पिठात हवा भरते आणि ती हवा ओव्हनमध्ये फुगून सगळा आकार बिघडवते. पीठ कोरडे वाटले म्हणून दूध किंवा पाणी घालण्याचा मोह टाळावा. अंड्याचा तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो आणि लोण्यातही सोळा-सतरा टक्के पाणी असते, तेवढे पुरते. पीठ हाताच्या उबेने काही मिनिटांत जुळून येते.

पीठ दोन बटर पेपरच्या मध्ये लाटावे. वरून मैदा भुरभुरवण्याची गरज त्यामुळे राहत नाही आणि पृष्ठभाग स्वच्छ राहतो. जाडी सहा मिलिमीटर ठेवावी आणि ती सगळीकडे सारखी यावी म्हणून पिठाच्या दोन्ही बाजूंना सहा मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या ठेवून त्यांवरून लाटणे फिरवावे. चार मिलिमीटरची कुकी भोकापाशी लवकर तुटते. आठ मिलिमीटरची जड होते आणि फांदी वाकवते. लाटलेली पोळी फ्रीजमध्ये अर्धा तास ठेवून घट्ट झाल्यावर आकार कापावेत आणि कापलेले आकार ट्रेवर ठेवून पुन्हा पंधरा मिनिटे फ्रीजरमध्ये ठेवावेत. यामागचे कारण साधे आहे. लोणी साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला वितळते, तर मैद्यातील स्टार्च आणि अंड्यातील प्रथिने घट्ट होण्यासाठी त्याहून पुष्कळ अधिक तापमान लागते. या दोन तापमानांमधल्या काळात कुकीला आधार उरत नाही आणि ती पसरते. पीठ जितके थंड असेल तितका तो काळ आपल्या बाजूने कमी होतो. उरलेल्या तुकड्यांचा गोळा करून पुन्हा लाटलेल्या कुकीज किंचित चिवट होतात, कारण प्रत्येक वेळी मैद्यातील ग्लुटेन अधिक बळावते. खायच्या कुकीजमध्ये हा दोष आहे, टांगायच्या कुकीजमध्ये तो गुण आहे, म्हणून पहिल्या लाटणीच्या कुकीज डब्यासाठी आणि दुसऱ्या लाटणीच्या झाडासाठी अशी विभागणी मी आवर्जून करते.

आता भोक. आधीच्या प्रयत्नात भोके बुजली, याचे एक कारण पीठ पसरणे हे आहेच, पण बहुतेक वेळा भोक मुळातच लहान पाडलेले असते. टूथपिकने किंवा साध्या पातळ स्ट्रॉने पाडलेले भोक भाजताना हमखास मिटते. सात-आठ मिलिमीटर व्यासाचा रुंद स्ट्रॉ किंवा तेवढ्याच तोंडाचे पायपिंग नोझल वापरावे, भोक आणि कड यांच्यामध्ये किमान एक सेंटिमीटर अंतर राखावे आणि ट्रे ओव्हनमधून बाहेर आल्याबरोबर, कुकी अजून मऊ असताना, त्याच स्ट्रॉने त्याच जागी पुन्हा एकदा दाबून भोक मोकळे करावे. एक-दोन मिनिटांचाही उशीर झाला तर कडा कडक होतात आणि दाबल्यावर चिरा पडतात. थंड कुकीला ड्रिलने भोक पाडता येते असे सांगितले जाते, पण मला ते पसंत नाही. त्याने बारीक तडे राहतात आणि ते टांगल्यानंतर वाढतात.

भोकाची जागा हा याहून महत्त्वाचा आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटणारा भाग आहे. चेंडू, तारा, घंटा, झाड अशा दोन्ही बाजूंनी सारख्या आकारांत भोक वरच्या टोकाखाली मधोमध पाडले की पुरते. हरीण, पक्षी, मोजा, चंद्रकोर यांसारख्या आकारांचे वजन मात्र एका बाजूला असते, आणि भोक डोळ्यांना बरे दिसेल तिथे पाडले तर झाडावर हरीण नाकावर उभे राहते. यासाठी त्याच साच्याने जाड पुठ्ठ्याचा एक आकार आखून कापून घ्यावा, तो टाचणीने वेगवेगळ्या ठिकाणी टोचून लटकवून पाहावा आणि जिथून तो सरळ लटकतो तिथे खूण करावी. तो पुठ्ठा पुढे कच्च्या पिठावर ठेवून सगळ्या कुकीजना एकाच जागी भोक पाडता येते. ज्या आकाराला टांगल्यावर गिरकी घेऊ द्यायची नाही, त्याला तीन सेंटिमीटर अंतरावर दोन भोके पाडून फीत दोन्हींतून ओवावी. वजनही दोन ठिकाणी विभागले जाते. मोठ्या आणि जड कुकीजना मी नेहमी दोनच भोके ठेवते.

भाजताना नेहमीपेक्षा थोडे कमी तापमान आणि थोडा अधिक वेळ द्यावा. १८० अंशांवर दहा-अकरा मिनिटे भाजलेली कुकी मध्ये मऊ राहते. १६५ अंशांवर चौदा ते सोळा मिनिटे भाजली की ती आतपर्यंत कोरडी होते आणि कडांना हलका सोनेरी रंग येतो. प्रत्येक ओव्हनचा स्वभाव वेगळा असल्याने पहिल्या ट्रेमधली एक कुकी थंड झाल्यावर मोडून पाहावी. मोडताना ती वाकली आणि मग तुटली तर अजून दोन मिनिटे हवीत. वाकल्याशिवाय कडकन तुटली तर ती टांगण्याजोगी झाली. नंतर कुकीज जाळीवर पूर्ण थंड कराव्यात आणि शक्य असल्यास कागदावर पसरून रात्रभर तशाच राहू द्याव्यात, म्हणजे वर आलेला जास्तीचा तेलकटपणा कागद शोषून घेतो. कोमट किंवा नीट न भाजलेल्या कुकीवर आयसिंग घातले की दोन-तीन दिवसांनी पांढऱ्या थरावर तेलकट, पिवळसर डाग उमटतात. ते डाग खालून येतात आणि वरून काही केले तरी जात नाहीत.

आयसिंग म्हणजे या कामात रॉयल आयसिंगच. बटरक्रीम कधीच कडक होत नाही, आणि केवळ पिठीसाखर व दूध यांचे आयसिंग वाळायला फार वेळ घेते व वाळल्यावरही ओरखड्यांना टिकत नाही. रॉयल आयसिंगमध्ये अंड्याच्या पांढऱ्या भागातील प्रथिने साखरेच्या कणांना जखडून ठेवतात, म्हणून ते दगडासारखे घट्ट होते. कच्च्या अंड्यातून साल्मोनेला जिवाणूंचा धोका संभवतो आणि हे आयसिंग शिजवले जात नाही, त्यामुळे पाश्चराईज केलेला पांढरा भाग किंवा मेरिंग पावडर (अंड्याच्या वाळवलेल्या पांढऱ्या भागाची भुकटी) वापरणे मी अनिवार्य मानते, विशेषतः लहान मुले, गरोदर स्त्रिया किंवा वृद्ध माणसे या कुकीज खाणार असतील तर. ५०० ग्रॅम चाळलेली पिठीसाखर, २५ ते ३० ग्रॅम मेरिंग पावडर आणि ८० ते ९० मिलिलिटर पाणी एवढे घेऊन मिक्सरच्या कमी वेगावर पाच मिनिटांच्या आसपास मिसळावे. वेगाने आणि फार वेळ फेटलेले आयसिंग भरभरून फुलते, पण वाळल्यावर आतून सच्छिद्र राहते आणि बोट लागताच भुगा होते. भांडे, चमचा आणि पाते यांना तेलकटपणाचा अंशही नसावा, कारण स्निग्ध पदार्थ या प्रथिनांचे जाळे मोडतात. प्लास्टिकच्या जुन्या भांड्याला तेल चिकटून असतेच, तेव्हा काचेचे किंवा स्टीलचे भांडे घ्यावे.

आयसिंगला चमक यावी म्हणून त्यात कॉर्न सिरप किंवा ग्लुकोज, आणि ते मऊ राहावे म्हणून ग्लिसरीन घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. खायच्या कुकीजसाठी तो योग्य आहे. टांगायच्या कुकीजसाठी मी तो साफ नाकारते आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. साधी साखर, म्हणजे सुक्रोज, २५ अंश सेल्सिअसच्या आसपास हवेची सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांजवळ पोहोचली की हवेतले पाणी ओढून घेऊन विरघळू लागते. ग्लुकोजच्या बाबतीत हीच मर्यादा ७४ टक्क्यांच्या आसपास आहे आणि फ्रुक्टोजच्या बाबतीत जेमतेम ६२ टक्के. शिवाय वेगवेगळ्या साखरा एकत्र आल्या की मिश्रणाची मर्यादा त्यांतल्या कोणत्याही एकीपेक्षा खाली घसरते. ग्लिसरीन तर ओलावा धरून ठेवण्यासाठीच घातले जाते. म्हणजे जे आयसिंग शुद्ध साखरेचे असताना दमट दिवशीही कोरडे राहिले असते, तेच चमचाभर सिरप घातल्यामुळे चिकट होते. मध घातलेली कुकी मऊ पडण्यामागेही हेच कारण आहे. चमक हवी असेल तर सजवलेल्या कुकीजवर लगेच पंख्याचा हलका वारा सोडावा. पृष्ठभाग भराभर वाळला की त्यावर आपोआप तकाकी येते, आणि तिच्यासाठी आत काही घालावे लागत नाही.

दाटपणा मोजण्याची सोपी रीत अशी की आयसिंगमध्ये सुरी फिरवून रेघ ओढावी आणि ती किती सेकंदांत मिटते ते पाहावे. कडेची रेघ आणि अक्षरे काढण्यासाठी वीस ते पंचवीस सेकंद, मधला भाग भरण्यासाठी बारा ते पंधरा सेकंद, आणि उठावाची फुले किंवा मणी काढायचे असतील तर रेघ मिटताच कामा नये. आयसिंग सैल करताना पाणी चमच्याने न घालता थेंबाथेंबाने किंवा फवारणीच्या बाटलीने घालावे, कारण जास्त झालेले पाणी काढून घेता येत नाही आणि वरून घातलेली साखर नीट मिसळत नाही. भरण्याचे आयसिंग होता होईल तो दाटच ठेवावे. पाच-सहा सेकंदांत मिटणारे पातळ आयसिंग भरायला सोयीचे असते, पण ते वाळायला दुप्पट वेळ घेते, त्यातले पाणी कुकीत मुरते आणि आपण एवढ्या कष्टाने कोरडी केलेली कुकी पुन्हा मऊ होते. दाट आयसिंग टूथपिकने कोपऱ्यापर्यंत ढकलावे आणि कुकी हलकेच टेबलावर आपटावी, म्हणजे ते समतल होते व बुडबुडे वर येतात. भोकाभोवती आधी एक बारीक गोल रेघ काढून तीन मिलिमीटर जागा मोकळी सोडावी. आयसिंग भोकाच्या अगदी काठापर्यंत गेले, तर फितीच्या घर्षणाने नेमका तिथला टवका उडतो आणि तडा पुढे नक्षीत शिरतो.

लाल रंग पांढऱ्यात उतरण्याचा प्रश्न आता सोपा होतो. रंगाचे रेणू स्वतःहून चालत जात नाहीत. पाणी त्यांना वाहून नेते. लाल थर ओला असताना शेजारी पांढरा भरला, किंवा लाल थर वरून कोरडा दिसला तरी आतून ओला होता, किंवा वाळण्याच्या काळात हवा दमट होती, की ओलावा एका थरातून दुसऱ्यात सरकतो आणि रंग त्याच्याबरोबर जातो. आयसिंगवर वीस-तीस मिनिटांत पापुद्रा येतो, पण आतपर्यंत वाळायला आठ ते बारा तास आणि दमट हवेत चोवीस तासही लागतात. गडद रंग आधी भरून त्यांना रात्रभर वाळू द्यावे आणि पांढरा दुसऱ्या दिवशी भरावा, ही पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते. द्रवरूप रंगांऐवजी जेल रंग घ्यावेत. लाल, गडद हिरवा आणि काळा हे रंग आदल्या दिवशी कालवून ठेवले की रात्रभरात आपोआप गडद होतात, त्यामुळे जेल कमी लागते. जेल जास्त झाले की आयसिंग वाळत नाही आणि चवीला कडवट लागते. माझे मत विचाराल तर झाडावरच्या कुकीजसाठी गडद लाल पार्श्वभूमी हवीच असे नाही. हिरव्या फांद्यांवर पांढऱ्या आयसिंगची कुकी सर्वांत उठून दिसते आणि तिच्यावर लाल रंगाचे चार ठिपके वा एक बारीक रेघ एवढेच पुरते. रंग जितका कमी, तितकी ओल सरकण्याची भीतीही कमी.

वाळवण्यासाठी फ्रीज कधीही वापरू नये. थंड कुकी बाहेर काढली की खोलीतल्या हवेतले पाणी तिच्यावर दवासारखे जमते आणि सगळे रंग फुटतात. पंखा, खोलीतला डीह्युमिडिफायर किंवा एअर कंडिशनर यांचा उपयोग होतो. फार लहान जागा, म्हणजे हरणाचे नाक किंवा अक्षरांचे ठोकळे, पातळ आयसिंगने भरल्या की वाळताना मध्ये खड्डा पडतो. तिथे दाट आयसिंग घेऊन, भरल्यावर टूथपिकने आत एक-दोनदा ढवळून, लगेच पंख्याखाली ठेवले तर खड्डा पडत नाही.

नक्षीबद्दल थोडेच सांगते, कारण तिथे प्रत्येकाची आवड वेगळी. एवढे लक्षात ठेवावे की ही कुकी ताटलीतल्या कुकीसारखी हातभर अंतरावरून पाहिली जात नाही. ती दोन-तीन मीटरवरून, फांद्यांच्या गर्दीत आणि दिव्यांच्या प्रकाशात दिसते. बारीक जाळीदार काम तिथे हरवते, तर ठळक कडा आणि दोन-तीन रंगांतली मोकळी रचना स्पष्ट दिसते. ओल्या थरावर दुसऱ्या रंगाचे ठिपके टाकून त्यांतून टाचणी ओढली की बदाम आणि पाकळ्या तयार होतात. हे काम सपाट राहते, त्यामुळे फांदीला घासून तुटत नाही. उठावाचे मणी आणि फुले कडेपासून आत ठेवावीत. एका भोकाची कुकी वाऱ्याने फिरते आणि तिची उघडी पाठही दिसते, म्हणून अनेकांना दोन्ही बाजू सजवाव्याशा वाटतात. त्याने वजन मात्र बरेच वाढते. सात सेंटिमीटरची कुकी एका बाजूच्या आयसिंगसह तीस ग्रॅमच्या आसपास भरते. पाठीवर पूर्ण थर न देता केवळ कडेची एक रेघ आणि मध्ये एखादे नाव किंवा वर्ष लिहावे, तेवढ्याने पाठ ओकीबोकी वाटत नाही.

कुकीच्या मध्ये खिडकी कापून तीत रंगीत कडक गोळ्यांचा चुरा भरतात आणि भाजण्याच्या शेवटच्या चार-पाच मिनिटांत तो वितळवून काचेसारखा पारदर्शक पडदा करतात. मागे दिवा असला की ही कुकी विलक्षण सुंदर दिसते. पण वितळून थंड झालेली साखर स्फटिकरूप नसते आणि तशी साखर, स्फटिकांना काही होणार नाही इतक्या कमी आर्द्रतेतही, पाणी ओढून चिकट होते. दमट हवेत साध्या गोळ्यांऐवजी आयसोमाल्ट (साखरेपासूनच बनवलेला साखरेचा पर्याय) वापरावे. ते ओलावा खूपच कमी घेते आणि पाण्यासारखे नितळ राहते. वितळलेले आयसोमाल्ट १५० अंशांच्या आसपास तापलेले असते, तेव्हा हे काम मुलांच्या हाती देऊ नये.

चमचमीच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे. बाजारात मिळणारी बरीचशी चकाकी आणि धातूच्या झाकीची भुकटी खाण्यासाठी नसते. तिच्यावर विषारी नसल्याचे किंवा केवळ सजावटीसाठी असल्याचे लिहिलेले असते, आणि या दोन्हींचा अर्थ ती खाद्य आहे असा होत नाही. २०१८ साली अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात वाढदिवसाचा केक खाल्ल्यावर मुलांना उलट्या आणि जुलाब झाले. केकवरची सोनेरी भुकटी मुख्यतः तांब्याची असल्याचे तपासात आढळले. पुढच्याच वर्षी मिसूरी राज्यात एका लहान मुलाच्या रक्तातील वाढलेल्या शिशाचा माग केकवरच्या अशाच एका रंगीत भुकटीपर्यंत पोहोचला. ज्या पाकिटावर खाद्य असल्याचे स्पष्ट लिहिलेले आहे आणि घटकांची यादी छापलेली आहे तेच घ्यावे. यादी नसेल तर ते खाण्याच्या वस्तूवर नको. पांढऱ्या रंगात वापरले जाणारे टायटॅनियम डायऑक्साइड युरोपीय संघाने २०२२ मध्ये अन्नपदार्थांतून हद्दपार केले. रॉयल आयसिंग मुळातच पांढरे असल्याने इथे त्याची गरज पडत नाही. आयसिंग ओले असताना वरून भुरभुरवलेली जाड दाणेदार साखर दिव्यांच्या उजेडात जितकी लखलखते, तितकी फार थोड्या भुकट्या लखलखतात.

टांगण्यासाठी तीन ते पाच मिलिमीटर रुंदीची सॅटिनची फीत किंवा जाड सुती दोरा घ्यावा. तार आणि बारीक नायलॉन भोकाचा काठ कापतात. फीत कुकीच्या पाठीवर आयसिंगने चिकटवण्याची युक्ती दिसायला नीटनेटकी असते, पण सगळे वजन एका ओढीवर येते आणि हवा दमट झाली की तो जोड सुटतो, म्हणून मी ती सुचवत नाही. कुकी खोडाच्या जवळच्या जाड फांदीवर टांगावी, शेंड्यावर नाही. झाड खरे असेल तर त्याचा डिंक आणि फांद्यांवरचे कोणतेही फवारे, मग ते कृत्रिम बर्फाचे असोत वा कीटकनाशकाचे, कुकीला लागता कामा नयेत. जुन्या पद्धतीचे दिवे गरम होतात आणि त्यांच्या शेजारी लोणी वितळून आयसिंगवर डाग येतात. एलईडी दिवे त्या मानाने थंड असतात, तरी हातभर नाही तर निदान चार बोटे अंतर ठेवावे. घरात कुत्रा असेल तर खालच्या फांद्या रिकाम्या ठेवाव्यात आणि चॉकलेट, मनुका किंवा झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) असलेली कुकी झाडावर लावूच नये, कारण हे तिन्ही पदार्थ कुत्र्यांना बाधतात. मीठ आणि मैद्याच्या पिठाचे शोभेचे आकारही काही जण करतात. ते कुकीजसारखेच दिसतात पण त्यांतले मीठ कुत्र्यांना विषासारखे ठरू शकते आणि मुले ते चुकून तोंडात घालतात, त्यामुळे दोन्ही प्रकार एकाच झाडावर कधी एकत्र टांगू नयेत.

शेवटी, किती दिवस खाता येतील? पूर्ण वाळलेल्या कुकीत जिवाणू वाढण्याइतके पाणी नसते, तेव्हा ती नासण्याची भीती फारशी नाही. धूळ, मुंग्या, हाताळणी आणि लोण्याला येणारा खवट वास या खऱ्या अडचणी आहेत. उघड्या टांगलेल्या कुकीज मी दोन दिवसांच्या पुढे खायला देत नाही. आठवडा-दोन आठवडे झाडावर ठेवायच्या असतील तर पूर्ण वाळल्यानंतर प्रत्येक कुकी पारदर्शक सेलोफेनच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड फितीने घट्ट बांधावे आणि त्याच फितीने टांगावे. मग कुकीला भोकाचीही गरज उरत नाही आणि वजन पिशवी पेलते. पिशवी बांधण्याआधी आयसिंग किमान चोवीस तास वाळलेले हवे, कारण आत राहिलेली ओल पिशवीत कोंडली जाते आणि रंग उतरण्याची तक्रार तिथे नव्याने सुरू होते. पाहुणे यायच्या संध्याकाळी ज्या कुकीज उघड्या टांगायच्या आहेत त्या तोवर हवाबंद डब्यात, थरांमध्ये बटर पेपर घालून, खोलीच्या तापमानाला ठेवाव्यात. तशा त्या दोन ते तीन आठवडे चांगल्या राहतात. झाडावरून उतरवल्यावर वास घेऊन पाहावा, आणि ज्या कुकीला खवटपणा आला असेल किंवा जिचे आयसिंग चिकट झाले असेल, ती कितीही सुंदर असली तरी खाऊ नये.